काजकाकूंच्या मापाचं झाड

आमच्या शेजारचे मास्तर शाळेतले नव्हेत. ते शिंपी आहेत, पण गल्लीत त्यांचा धाक शाळेतल्या मास्तरांपेक्षा काकणभर जास्तच. शाळेतले मास्तर फार तर गणित चुकलं म्हणून सांगतील. हे दुकानाच्या दारातून नुसती नजर टाकतात आणि आपली कंबर गेल्या वर्षीपेक्षा किती पुढे गेली ते त्यांना कळतं. बोलत काही नाहीत. मान किंचित कलते, बस. त्यांच्या दुकानावरून जाताना आमचे हे पोट आत ओढतात आणि कोपरा वळला की सोडतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

माणसांची नावं मास्तरांच्या लक्षात राहत नाहीत, मापं राहतात. आमच्या यांना ते ‘बेचाळीस छाती, डावा खांदा उतरता’ म्हणून ओळखतात. मला काय म्हणून ओळखतात ते मी विचारलेलं नाही, आणि कुणाला माहीत असेल तर त्यानंही सांगू नये. गळ्यात इंचपट्टी कायमची. झोपतानाही काढत नसावेत असा माझा संशय होता. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, काढतात की, पण उशाखाली ठेवतात.

मास्तरांचं एक तत्त्व आहे आणि त्यापायी त्यांनी चांगली चांगली गिऱ्हाइकं घालवली आहेत. समोर माणूस उभा असल्याशिवाय ते माप घेत नाहीत. एकदा कुणा बड्या साहेबांनी ड्रायव्हरच्या हातून जुना कोट पाठवला, याच मापाचा नवा शिवा म्हणून. मास्तरांनी कोट उलटसुलट करून पाहिला, घडी घातली आणि परत दिला. कोट आला, माणूस कुठाय, एवढंच विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, साहेब कामात आहेत. मास्तर म्हणाले, मग कोटही कामातून सुटल्यावर शिवू. साहेब पुन्हा आले नाहीत. पण मास्तरांना त्याचं काही नाही. निरोपाच्या मापाचा कपडा अंगावर परका दिसतो, असं ते म्हणतात.

आता काकू. गल्ली त्यांना काजकाकू म्हणते. काज म्हणजे बटण जिथून आत जातं ते भोक, असं मी लग्न होऊन इथे आले तेव्हा बोलून बसले होते. काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं की भोक उंदीर पाडतो, काज करावं लागतं. आधी कापडाला चीर द्यायची, मग तिच्या काठानं टाक्याला टाका लावत गाठीची वेल फिरवायची, कोपऱ्यावर वळताना श्वास धरायचा. एका कोटाला आठ-दहा काजं. मास्तरांच्या दुकानात एक्केचाळीस वर्षांत शिवलेल्या प्रत्येक कोटाचं प्रत्येक काज काकूंच्या हातचं. यंत्रावर एका मिनिटात काज होतं हे मास्तरांना माहीत आहे. यंत्रावर हसूही काढता येतं, असं ते म्हणतात.

त्यांचं लग्नसुद्धा काजांवरच जमलं. दोघंही तेव्हा एका मोठ्या दुकानात कामाला होते, हे कापड बेतायला आणि त्या काजांना. मास्तर तिथे सहा महिने मूग गिळून बसले होते. मग एके दिवशी त्यांनी भिंग घेऊन काकूंचं एक काज पाहिलं आणि म्हणाले, मी स्वतःचं दुकान काढतोय, माझ्या कोटांना तुमची काजं हवीत. याला लग्नाची मागणी म्हणायचं असेल तर म्हणा. काकूंनी म्हटली. अजूनही कधी चिडल्या की म्हणतात, यांनी मला मागणी घातलीच नाही, माझ्या बोटांना घातली.

तर अशी ही बोटं गेल्या थंडीत संपावर जायला निघाली.

म्हणजे बोटं ठणठणीत होती, दुखणं डोळ्यांचं होतं. काकूंच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. नजर सुधारली, पण डोळे नाजूक झाले. दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा बघायला गेलं की त्यांना ती चकाकी टोचायची. त्यांची नेहमीची जागा म्हणजे दुकानामागच्या खोलीतली खिडकी. पण समोर तीन मजली इमारत उभी राहिली आणि खिडकीचा उजेड त्या इमारतीनं गिळला. घरामागे बाग आहे, दहा पावलं लांब आणि सात पावलं रुंद, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. तिथे सकाळी लख्ख ऊन असतं. पण उन्हात पांढरं कापड मांडीवर घेतलं की काकूंच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. एक काज करायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा, त्याच्या तिप्पट लागू लागला. आणि एके दिवशी त्यांचं एक काज वाकडं झालं.

बाकी कुणाला ते कळलंही नसतं. काकूंनी ते उसवलं, कोट मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, “उन्हाळा लागला की मी सुई ठेवणार. तोवर हातातलं संपवते.”

मास्तरांनी कोटाची घडी घातली. पण मी कुंपणाला कान लावूनच असते म्हणा, त्यामुळे मला ठाऊक आहे की त्या दिवशी दुपारी दुकानात शिलाईयंत्र चाललं नाही. काकूंनी सुई ठेवली तर मास्तर यंत्राची काजं लावणार नाहीत, आणि काजांशिवाय कोट कसा द्यायचा? म्हणजे दुकानालाच टाळं. लेक दूर गावी. तिचं म्हणणं कधीपासूनचं की आता पुरे झालं, दोघं माझ्याकडे या. सगळ्या वाटा एकाच दिशेला निघाल्या होत्या. मास्तरांना मात्र त्या दिशेला जायचं नव्हतं. पण हे त्यांनी कुणाला सांगावं? बोलायची सवयच नाही.

मग त्यांनी उपाय सुरू केले. पहिला उपाय ताडपत्रीचा. बागेत चार काठ्या रोवून निळी ताडपत्री ताणली. काकू खाली बसल्या आणि सगळं जग निळं झालं. पांढरा दोरा निळा, साईच्या रंगाचा दोराही निळा, काकू स्वतः अशा निळ्या दिसायला लागल्या की मी खिडकीतून घाबरून विचारलं, बरं वाटतंय ना? रंग कळेना म्हणून ताडपत्री गेली. दुसरा उपाय बागेत लावायच्या मोठ्या छत्रीचा. ती पहिल्याच दुपारी वाऱ्यानं उचलली आणि कुंपण ओलांडून माझ्या वाळवणावर येऊन बसली. छत्री परत मागायला मास्तर आले तेव्हा मी म्हटलं, सावली स्वतःच्या पायांनी आलीय, मी कशी हाकलू? ते हसले नाहीत. छत्री उचलून गेले.

तेव्हाच त्यांच्या डोक्यात झाड आलं असणार.

आता माझ्यासारखीनं झाड लावायचं तर रोपवाटिकेत जाऊन जे डोळ्यांना आवडेल ते उचललं असतं. मास्तर कापड हातात घेण्याआधी आठवडाभर विचार करणारे. झाडाचंही त्यांनी तसंच आरंभलं. दुकानात कोटांची जुनी अस्तरं पडलेली असतात. त्यांनी ती जोडून गोल घुमटासारखं एक छत शिवलं, आत बांबूच्या काड्या घातल्या आणि उंच काठीवर बसवलं. झाडाची ट्रायलच म्हणा. मग ते झाड घेऊन बागेत फिरू लागले. इथे उभं करायचं, तिथे उभं करायचं, आणि जमिनीवर सावली कुठवर येते तिथे शिंप्याच्या खडूनं रेघ मारायची. नऊची रेघ, दहाची रेघ, अकराची रेघ. चार दिवसांत बाग बेतलेल्या कापडासारखी दिसू लागली.

काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर सकाळची ती वेळ सध्या त्यांची औषधाची आणि झोपेची झाली होती, आणि मास्तरांना झाड लावून झाल्यावरच दाखवायचं होतं. बोलून दाखवण्यापेक्षा लावून दाखवणं त्यांना सोपं.

पाचव्या दिवशी मी खिडकीत उभी राहून शेंगा सोलत होते, आणि समोर बघते तर काय, काकूंच्या वेताच्या खुर्चीत एक बाई बसलेली. गोरी, बारीक कंबरेची, ताठ. फक्त तिला मुंडकं नव्हतं. दुकानाच्या दर्शनी भागात कोट घालून उभी असते ती लाकडी बाई मास्तरांनी कंबरेपासून सुटी करून खुर्चीत बसवली होती. थंडी वाजू नये म्हणून की काय, तिच्या खांद्यावर काकूंची शाल. आणि मास्तर तिच्यामागे अस्तराचं झाड धरून उभे, तिच्या मांडीच्या जागी सावली पडते का ते बघत.

माणसानं काय करावं अशा वेळी? मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि पुढच्या दारानं काकूंकडे गेले. त्या नुकत्या उठल्या होत्या. मी आवाज खाली आणून सांगितलं की काकू, बोलू नये पण बोलते, मास्तर मागच्या बागेत एका बाईला खुर्चीत बसवून तिला सावली धरून उभे आहेत. तुमची शाल दिलीय तिला.

काकूंनी पांघरूण बाजूला केलं. पायात चपला न घालता मागच्या दाराकडे निघाल्या, आणि त्यांच्यामागे दोन पावलांवर मी. एवढं सांगितल्यावर पुढचं न बघता घरी जाणं बरं दिसलं नसतं.

मास्तर आम्हाला पाहून वळले आणि त्यांच्याबरोबर अस्तराचं झाडही वळलं. काकूंनी खुर्ची पाहिली, शाल पाहिली, जमिनीवरच्या खडूच्या रेघा पाहिल्या, कोपऱ्यात खणून ठेवलेला खड्डा पाहिला. मला वाटलं आता हसतील. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला.

“हे काय चाललंय?”

मास्तरांनी तुकड्या तुकड्यांत सांगितलं. झाड लावतोय. बकुळीचं. रोपवाटिकेतल्या बाईंना बाजूला काढून ठेवायला सांगितलंय, उद्या येईल. बकुळीची सावली सगळ्यात गडद, उन्हाचा ठिपका म्हणून नाही. तू सुई ठेवणार म्हणालीस ना.

काकूंनी त्या बिनमुंडक्या बाईच्या खांद्यावरची शाल काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

“अहो, एक्केचाळीस वर्षं गिऱ्हाइकाला समोर उभं केल्याशिवाय माप घेतलं नाहीत. साहेबाला परत पाठवलंत. मग माझंच माप या लाकडाच्या बाईवर कसं घेतलंत?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती. पण मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ती गिळली, आणि मी अशा गोष्टी सहसा गिळत नाही. कापड कातरल्यावर बेत चुकला हे कळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी त्या लाकडी बाईला उचललं आणि कुंपणाला टेकवून ठेवलं. मग खुर्ची हातानं पुसली आणि बाजूला झाले.

काकू बसल्या. अस्तराचं झाड त्यांनी मास्तरांना डोक्यावर धरायला लावलं. पदराला टोचलेली सुई काढली, त्यांच्या पदराला दोरा ओवलेली सुई असतेच, आणि शालीच्या काठावर एक टाका घालून पाहिला. मान हलवली. मास्तर म्हणाले, ऊन तर अजिबात नाही. काकू म्हणाल्या, “उजेडही नाही. मला उजेड हवा, ऊन नको.”

सावली सावलीत इतका फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांनाही. बकुळीचा निरोप त्यांनी त्याच दुपारी जाऊन मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं रोपवाटिकेत निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण रिक्षात तिसरी जागा रिकामी होती आणि रिकामी जागा मला बघवत नाही. काकूंच्या मांडीवर त्यांचा सुयांचा डबा, त्यात काळ्या कापडाचा एक तुकडा, पांढऱ्याचा एक, आणि दोऱ्याची रिळं. रोपवाटिका गावाबाहेर, मोठी. तिथे विकायची रोपं कुंड्यांत आणि मधून मधून जुनी वाढलेली झाडं, म्हणजे पुढे कसं दिसेल ते गिऱ्हाइकाला कळावं. चालवणाऱ्या बाई गुडघ्यापर्यंत चिखलाच्या, बोलायला रोखठोक. काकूंनी एक स्टूल मागितलं. बाईंना वाटलं दमल्या असतील. काकूंनी स्टूल पहिल्या झाडाखाली ठेवलं, बसल्या, काळ्या कापडाला चीर दिली आणि काज करायला घेतलं.

बाई म्हणाल्या, लोक झाडांबरोबर फोटो काढतात, भाव पाडतात, पण झाडाखाली बसून शिवणारं गिऱ्हाईक पहिलंच.

पहिलं झाड बकुळीचंच होतं, खात्री करायला. काकूंनी चार टाके घातले आणि उठल्या. इथे मी छान झोपेन, म्हणाल्या. दुसरा शंकासुर. त्याची पानं बारीक, पिसासारखी, आणि उजेड भरपूर. पण वारा आला की कवडसे कापडावर असे नाचू लागले की सुई कुठे टोचायची ते कळेना. काकूंच्या बोटाला टोचली तेव्हा तेही कळलं. मास्तरांना मनातून चाफा आवडला होता. त्याचा सांगाडाच असा रेखीव की कापडावर बेतला असावा. ते त्याच्याभोवती दोनदा फिरले. काकूंनी एक पान तोडून दाखवलं. पांढरा चीक टपकला. गिऱ्हाइकाच्या कोटावर हा एक थेंब पडला तर आयुष्यभर निघायचा नाही, म्हणाल्या. मास्तर चाफ्यापासून दोन पावलं मागे सरकले. बॉटलब्रश दिसायला देखणा, पण त्याची फुलं म्हणजे लाल धाग्यांचे झुबके, आणि काकू बसल्याबरोबर दोन-चार धागे त्यांच्या कापडावर उतरले. काकूंना हसू आलं. आयुष्यभर कपड्यांवरचे धागे वेचले, आता वरून आणखी पडायला नकोत.

बाईंनी मग विचारलं, सावली कोणत्या वेळेची हवी आहे. मास्तरांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, नऊ ते अकरा. म्हणजे झाड खुर्चीच्या पूर्वेला हवं, बाई म्हणाल्या, आणि खोड मोकळं हवं, म्हणजे बाजूनं उजेड आत येईल. त्यांनी आम्हाला कुंपणाजवळच्या एका झाडाकडे नेलं. जांभळा कांचन. झाड फार मोठं नाही, गच्चीपर्यंत पोचलं तर पोचलं. पानं तळहाताएवढी, टोकाशी मधोमध दुभंगलेली. वारा आला तरी ती सगळी एकदम थरथरत नव्हती. त्यांच्यामधून उजेड गाळून यावा तसा येत होता.

काकू बसल्या. कुणी काही बोलत नव्हतं, मीसुद्धा. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं त्या टाक्याला टाका लावत गेल्या. कोपऱ्यावर वळल्या, दुसरी बाजू केली, गाठ मारली, दोरा तोडला. मग पांढरं कापड घेतलं आणि त्यावरही एक काज केलं. डोळ्यांना रुमाल लावावा लागला नाही. दोन्ही तुकडे त्यांनी मास्तरांच्या हातात दिले. मास्तरांनी खिशातून भिंग काढून पाहिलं. किती वेळ पाहत होते कोण जाणे. बाईंनी मला खुणेनं विचारलं, काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, मागणी घालतायत.

एक फूल काकूंच्या मांडीवर पडलं. काकूंनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि कापड झटकलं. डाग नाही, काही नाही. बाई म्हणाल्या, थंडीत पानं थोडी विरळ होतात, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा भरतात. मास्तर एका पानाला हात लावून म्हणाले, कॉलर आहे ही. आणि खरंच, त्या दुभंगलेल्या पानाकडे पाहिलं तर सदऱ्याची उघडी कॉलरच. आता हे झाड घ्यायचं ठरलंच होतं.

कुंडीतलं मोठं रोप आणलं, मास्तरांपेक्षा वीतभर उंच. जुना खड्डा बुजवला, नवा खणला, आणि खुर्चीत या खेपेला काकू स्वतः बसून सांगत होत्या, थोडं इकडे, थोडं तिकडे. झाड लागलं. आणि दहा दिवसांनी त्याची सगळी पानं गळली.

म्हणजे एकही राहिलं नाही. बागेत एक काठी उभी होती. मास्तर सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे. रोपवाटिकेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं की जागा बदलली की झाड रुसतं, पाणी द्या, हात लावू नका, वाट बघा. वाट बघणं मास्तरांना जमतं. पण काकूंनी मात्र आवरायला घेतलं. सुयांचा डबा उघडून बसल्या, मोडक्या सुया वेगळ्या काढल्या, उरलेल्या रिळांतली काही मला देऊ केली. मी घेतली नाहीत. मी म्हटलं, काकू, मला बटण लावता येत नाही, हे दोरे माझ्याकडे आले तर मी त्यांनी भाजीच्या जुड्या बांधीन. त्या हसल्या, पण डबा तसाच उघडा ठेवला. त्यांनी ठरवलेला उन्हाळा जवळ येत होता. लेकीचे फोन वाढले होते.

त्या दिवसांत मास्तरांनी एक नवीन कोट बेतायला घेतला. गिऱ्हाईक घाईचं नव्हतं, मास्तरही नव्हते. पण मी त्यांना विचारलं की काजं कोण करणार, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपली कंबर सांभाळत घरी आले.

मग एके सकाळी मी खिडकीत चहा घेत होते आणि मास्तर काठीला अगदी नाक लावून उभे दिसले. गळ्यातली इंचपट्टी काढून त्यांनी काहीतरी मोजलं. पुन्हा मोजलं. मी ओरडून विचारलं, काय मोजताय? त्यांनी वळून बोटानं दाखवलं, अर्धा इंच. खोडाच्या वरच्या पेरावर हिरवं काहीतरी फुटलं होतं, मिटलेलं, दोन भाग एकमेकांवर घडी घातलेले. दुसऱ्या दिवशी पाऊण इंच. आठवड्यात असे सात-आठ फुटवे झाले, आणि मास्तर रोज सकाळी प्रत्येकाचं माप घेऊ लागले. त्यांनी काकूंना बोलावलं नाही. काकू आपणच येऊन बघून जायच्या.

उन्हाळा लागला. नुसता लागला नाही, एकदम कडक लागला. कांचनाला तोवर पानं आली होती, पण फार तर दोन पसे भरतील एवढी. झाडाची सावली जमिनीवर पडायची ती भाकरीएवढी नाही, थाळीएवढी म्हणा. तिच्यात माणूस काय, मांजर मावलं नसतं. आमच्या मांजरानं प्रयत्न केला, शेपूट बाहेर राहिली. मी मनात म्हटलं, संपलं आता. दोन वर्षांनी हे झाड छान होईल, पण दोन वर्षं थांबतं कोण? काकूंनी तर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, उन्हाळा लागला की सुई ठेवणार, आणि त्या दिलेल्या शब्दाला पक्क्या.

त्या सकाळी नऊच्या सुमाराला मागचं दार उघडलं. मी खिडकीतच होते, योगायोगानं. काकू बाहेर आल्या. डोक्याला पांढरा रुमाल गच्च बांधलेला, हातात वेताची खुर्ची. त्यांनी ती झाडाच्या पश्चिमेला ठेवली, बसल्या, उठल्या, वीतभर मागे सरकवली, पुन्हा बसल्या. खांद्यावर ऊन, दंडावर ऊन, रुमालावर ऊन. आणि मांडीवर, बरोबर दोन हात जुळतात तिथे, ती थाळीएवढी सावली.

त्यांनी हात सावलीत धरून उलटसुलट करून पाहिले. सावली कापडापुरती पुरे, आणि कोट मांडीपुरताच असतो, बाकीची काकू काही शिवायची नसते. हे त्या लाकडी बाईला बसवून मास्तरांना कुठून कळणार होतं? मलाही त्याच क्षणी कळलं.

“अहो,” काकूंनी आत हाक मारली. “त्या कोटाची किती काजं आहेत?”

आतलं यंत्र थांबलं. मग मास्तरांचा आवाज आला. “नऊ.”

“आणा इकडे.”

मास्तर कोट हातावर घेऊन बाहेर आले. मला वाटतं त्यांना काहीतरी बोलायचं होतं, कारण कोट देऊन ते गेले नाहीत. तिथेच उभे राहिले, गळ्यातली इंचपट्टी दोन्ही हातांनी धरून, एकदा झाडाकडे, एकदा काकूंच्या बोटांकडे बघत. काकूंनी कापडाला चीर दिली, सुई ओवली, पहिला टाका घातला. मग मान वर केली.

“सरका थोडे. उजेड अडतोय.”

मास्तर सरकले.